लाँचपॅडचं काम नेमकं कुठवर आलंय हे घरबसल्या कसं ओळखायचं? (कुलशेखरपट्टिणम आणि स्टारबेस)

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. आमचा इथं कोल्हापुरात एक ग्रुप आहे, कोण इंजिनिअरिंगला, कोण पॉलिटेक्निकला, दोघं एमआयडीसीत कामाला, आणि सगळ्यांना रॉकेटचं वेड. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला इस्रोचं दुसरं लाँच सेंटर होतंय त्याच्यावर आमचं लक्ष आहे, पण अडचण अशी की व्हॉट्सॲपवर रोज नवीनच काहीतरी येतंय. एक म्हणतो पायाभरणी २०२४ ला झाली, दुसरा म्हणतो भूमिपूजन २०२५ ला झालं, तिसरा म्हणतो तिथनं रॉकेट उडालंसुद्धा! "ऐंशी टक्के काम पूर्ण" असा पण एक फॉरवर्ड आलाय, कशाचे ऐंशी टक्के, कोण म्हणालं, कधी म्हणालं, काही पत्ता नाही.

आणि टेक्सासच्या स्टारबेसचं (स्पेसएक्स कंपनी तिथं रॉकेट बनवते आणि उडवते) बरोबर उलटं. तिथं लोकांनी चोवीस तास कॅमेरे लावलेत, सगळं दिसतं पण कळत नाही. टाकीवर पांढरं काहीतरी चढत जातं, वाफ सुटते, मग चॅटमध्ये सगळे आनंदानं ओरडायला लागतात, नेमकं काय पास झालं ते आमच्या पोरांना सांगता येत नाही.

तर जाणकारांनी सांगा, काम कसं बघायचं आणि टेस्ट कशी वाचायची. आम्हाला याची नीट वही ठेवायची आहे, तारखेसकट.

कागल_फाइव्हस्टार

भावा, टेस्टचं मी सांगतो, कारण माझा धंदाच तो आहे. प्रेशर व्हेसलचं फॅब्रिकेशन करतो, साखर कारखान्यांची कामं जास्त.

आमच्याकडं व्हेसल तयार झालं की हायड्रो टेस्ट होते. पाणी पूर्ण भरायचं, वरच्या व्हेंटमधनं सगळी हवा काढून टाकायची, मग पंपानं हळूहळू प्रेशर चढवायचं, वर्किंग प्रेशरच्या पुढं न्यायचं, होल्ड करायचं, आणि इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन एकेका वेल्डला घाम आलाय का बघत फिरतो. हवा का काढायची तर पाणी दाबलं जात नाही, जॉइंट सुटला तर चिळकांडी उडते आणि प्रेशर तिथंच संपतं. हवा किंवा कुठलाही गॅस दाबून भरला की त्यात प्रचंड एनर्जी साठते आणि फुटलं की पत्र्याचे तुकडे लांबवर जातात. हा फरक डोक्यात पक्का बसवा, पुढं लागणार आहे.

आता स्टारशिप, म्हणजे स्टारबेसचं ते मोठं रॉकेट, त्याची टाकी म्हणजे ९ मीटर व्यासाची, स्टेनलेस स्टीलची, ३०४ एल च्या घराण्यातलं स्टील. तिची टेस्ट पाण्यावर घेऊन पुरत नाही कारण उड्डाणाच्या वेळी आत लिक्विड ऑक्सिजन आणि लिक्विड मिथेन असणार, म्हणजे भयानक थंड, आणि थंडीत स्टील आकसतं, वेल्डवर ताण वेगळा येतो, तसंच हे स्टील थंडीत जास्त मजबूत पण होतं. म्हणून उणे १९६ डिग्रीचं लिक्विड नायट्रोजन भरतात. ते पेट घेत नाही आणि गारठा खराखुरा मिळतो. ह्याला क्रायो प्रूफ म्हणतात. तुम्ही जे पांढरं बघता ते दंव आहे. समुद्रकाठची दमट हवा गार पत्र्याला लागली की बाष्प गोठतं, आणि आत द्रव जिथपर्यंत आलाय तिथपर्यंतच बाहेर पट्टा पांढरा होतो. म्हणजे लेव्हल बाहेरनं वाचता येते. दोन टाक्या असतात म्हणून दोन पट्टे वेगवेगळे चढतात, नीट बघा, मधला पत्रा बराच वेळ कोरडा आणि चकचकीत राहतो. पट्टा चढणं थांबलं, मग वरनं व्हेंट बंद झाला, आणि बराच वेळ काहीच हालचाल नाही असं दिसलं की समजायचं आता प्रेशर होल्डवर आहे. खरी टेस्ट तीच, आणि बघायला तीच सगळ्यात कंटाळवाणी.

सुरुवातीच्या काळातले आकडे जाहीर आहेत. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी छोटी टेस्ट टाकी मुद्दाम फुटेपर्यंत नेली, ७.१ बारला फुटली, उड्डाणाला साधारण ६ बार पुरणार होते पण माणूस बसवायचा तर १.४ चा सेफ्टी फॅक्टर धरून ८.५ लागत होते. त्याच महिन्यात दुसरी टाकी ८.५ ला नेऊन दाखवली. म्हणजे कॅमेऱ्यात टाकी फुटलेली दिसली म्हणून लगेच "फेल" लिहू नका, आधी बघा ती फोडायलाच नेली होती का. याउलट एप्रिल २०२० मध्ये एसएन३ (स्टारशिपचा सुरुवातीचा एक नमुना) कोसळलं ते टेस्टची मांडणी चुकल्यामुळं, वरची टाकी भरलेली जड आणि खालच्या टाकीत पुरेसं प्रेशर नाही, तर खालचा पत्रा चेपला. वेल्डिंगचा काही दोष नव्हता.

क्रायो झालं की पुढं स्पिन प्राइम, म्हणजे इंजिनचे टर्बोपंप गॅसनं फिरवून बघायचे, पेटवायचं नाही. मग स्टॅटिक फायर, म्हणजे रॉकेट बांधून ठेवून इंजिनं काही सेकंद पेटवायची. आणि वेट ड्रेस रिहर्सल, म्हणजे खरं इंधन भरून काउंटडाऊन पेटवायच्या आधीपर्यंत चालवायचं आणि परत सगळं उतरवायचं. वहीत हे चारी वेगवेगळे लिहा, सगळ्याला नुसतं "टेस्ट झाली" लिहिलंत तर महिन्याभरानं तुम्हालाच काही उमगणार नाही.

इचल_रात्रपाळी

कागलकर दादा, एकदम खोलात सांगितलंत. फक्त एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. मी स्टारबेसचे कॅमेरे नेमानं बघतो (त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, कामावर जायच्या आधी तेवढा वेळ मिळतो) आणि माझं म्हणणं असं की लोक रॉकेटकडं बघतात आणि जमिनीकडं बघायचं विसरतात. काम अडतं ते बहुतेक जमिनीवर.

दोन उदाहरणं देतो. २० एप्रिल २०२३ ला पहिलं पूर्ण स्टारशिप उडालं, बूस्टरला (रॉकेटचा खालचा टप्पा) ३३ इंजिनं, खाली साधं काँक्रीट, ज्वाला वळवायला चर नाही, पाणी नाही. काँक्रीट उखडून खाली खड्डा पडला आणि तुकडे समुद्रापर्यंत गेले. पुढच्या सगळ्या बातम्या पुढचं रॉकेट कधी याच्याच होत्या, पण खरं काम चाललं होतं ते पॅडखाली, पाण्यानं गार राहणारी स्टीलची जाड प्लेट बसवायचं. जुलैमध्ये तिच्यातनं पाण्याचे फवारे पूर्ण जोरात उडवून बघितले, ऑगस्टमध्ये तिच्यावर बूस्टरचं स्टॅटिक फायर झालं, आणि दुसरं उड्डाण १८ नोव्हेंबर २०२३ ला. पाण्याची ती टेस्ट बघायला फार कोणी नव्हतं, पण माझ्या लेखी त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी तीच होती.

दुसरं, १८ जून २०२५. मॅसीज म्हणून जी टेस्ट साइट आहे, पूर्वी बंदुकीची रेंज होती ती, तिथं शिप ३६ (शिप म्हणजे वरचा टप्पा) स्टॅटिक फायरची तयारी चालू असताना फुटलं. कारण काय, नाकाच्या भागातली नायट्रोजन गॅसची हाय प्रेशर बाटली. दादांनी वर गॅस आणि पाण्याचा फरक सांगितलाय तो इथं लागू होतो. पण शिप गेलं त्यापेक्षा मोठं नुकसान टेस्ट स्टँडचं झालं. पुढचं शिप ३७ तयार होतं, ते पेटवून बघायला जागाच उरली नाही, शेवटी मेन लाँचपॅडवरच जुळवाजुळव करून त्याचं स्टॅटिक फायर केलं आणि ऑगस्टच्या शेवटी ते उडालं. म्हणून राजारामपुरीकर, वहीत एक रकाना रॉकेटचा आणि एक जमिनीचा असा ठेवा. पॅड, टॉवर, टाक्या, टेस्ट स्टँड यांची नोंद सेपरेट.

आणि रस्ता बंदची नोटीस म्हणजे टेस्ट झाली असं धरू नका. हायवे ४ आणि बोका चिका बीच बंद ठेवायची नोटीस तिथलं स्थानिक प्रशासन काढतं, त्यात पर्यायी दिवस असतात, बऱ्याचदा रद्द होते. नोटीस म्हणजे फक्त इरादा. रस्ता खरंच बंद झाला, पॅडवरनं माणसं हलली, टँक फार्ममधनं वाफ सुटायला लागली, इथनं पुढं मनावर घ्यायचं.

१३ ऑक्टोबर २०२४ ला टॉवरच्या हातांनी बूस्टर हवेत धरला तेव्हा दसऱ्याचा दुसरा दिवस होता, आपल्याकडं संध्याकाळचे सहा वाजत आलेले. आमच्या गल्लीतली पोरं मोबाईलला चिकटली होती, अंगावर काटा आला होता सगळ्यांच्या. पण ज्यांनी आधीचे काही महिने त्या हातांच्या टेस्टा बघितल्या होत्या, हात उघडून-मिटून, रिकाम्या बूस्टरच्या नळकांड्याला हळू टेकवून, त्यांना माहीत होतं की हे जमू शकतं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

जबरदस्त. दोघांचे आभार. पण आपल्या कुलशेखरपट्टिणमला कॅमेरे कोण लावणार? तिथं काय बघायचं?

सायबर_चौक_जीआयएस

मी शिवाजी विद्यापीठात जीआयएस शिकते, हे माझ्या आवडीचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेंटिनेल-२ म्हणून युरोपचे सॅटेलाईट आहेत, त्यांचे फोटो कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघायला मिळतात. दर पाच दिवसांनी साधारण एक फोटो, आणि एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर १० मीटर. याचा अर्थ आधी समजून घ्या. एसएसएलव्ही (इस्रोचं लहान रॉकेट, कुलशेखरपट्टिणमहून उडवायचं ते) ३४ मीटर उंच पण व्यास फक्त २ मीटर, वरनं बघितलं तर ते एका पिक्सेलमध्ये हरवून जाणार, त्यामुळं "सॅटेलाईटमध्ये रॉकेट दिसलं" असं कोणी सेंटिनेलचा फोटो लावून म्हणत असेल तर सोडून द्या. दिसतं काय तर रस्ते, मोकळी केलेली जमीन, मोठी छपरं, आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे सावली.

सेंटिनेल तिथं सकाळी साडेदहाच्या आसपास जातो. कुलशेखरपट्टिणम सव्वाआठ-साडेआठ अक्षांशाला आहे. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळेला सूर्य साधारण पन्नास अंशावर असतो, म्हणजे ५० मीटर उंच टॉवर असेल तर सावली ४० मीटरच्या आसपास, चार पिक्सेल, वायव्येकडं पडलेली. एप्रिलमध्ये तीच सावली निम्मी होते, दोन पिक्सेल, ओळखायला अवघड. म्हणून उंच बांधकाम सुरू झालंय का बघायचं असेल तर जानेवारीचे फोटो घ्या, आणि मागच्या जानेवारीच्या फोटोशीच तुलना करा, मेच्या फोटोशी नको.

ढगांचं पण तिकडं आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडं जूनपासून धो धो असतो तेव्हा तूतुकुडीकडं पाऊस कमी, त्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या महिन्यांत ढगच ढग मिळाले तर सेंटिनेल-१ चा रडार फोटो बघा, रडार ढगातनं आरपार बघतो, लोखंडी मोठं बांधकाम त्यात लख्ख पांढरं चमकतं.

अजून एक, त्या पट्ट्यात लाल वाळूच्या टेकड्या आहेत, तेरी म्हणतात त्यांना. सॅटेलाईटमध्ये उघडी लाल जमीन दिसली की लोक लगेच "खोदकाम सुरू" म्हणून टाकतात, पण ती जमीन मुळातच तशी आहे. कडा सरळ आहेत का बघा. माणसानं केलेल्या कामाला कोपरे असतात, वाळूला नसतात.

गारगोटी_वाचक

मुलांनो, तुमच्या मूळ प्रश्नातल्या तीन बातम्या आधी सोडवतो, कारण तिन्ही खऱ्या आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते संपूर्ण प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्याच सुमारास तिथून आरएच-२०० हे लहान साउंडिंग रॉकेट सोडलं गेलं, ते वातावरणाच्या अभ्यासाचं रॉकेट, उपग्रह कक्षेत नेणारं नव्हे, त्याला मोठा पॅड लागत नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये झालं ते प्रत्यक्ष लाँचपॅडच्या कामाचं भूमिपूजन, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी डिसेंबर २०२६ पर्यंत काम पूर्ण करण्याचं उद्दिष्ट सांगितलं.

आता "ऐंशी टक्के". टक्का दिसला की विचारायचं, पैशाचा की कामाचा? मंजूर रकमेतला खर्च वेगळा आणि साइटवरचं प्रत्यक्ष काम वेगळं. मशिनरीची ऑर्डर देऊन आगाऊ रक्कम दिली की खर्च चढतो, पण जमिनीवर वीट पण दिसत नाही. त्याच्या उलटही होतं, स्ट्रक्चर उभं राहतं आणि आतली सिस्टिम यायची असते. संसदेत खासदार अंतराळ विभागाला लेखी प्रश्न विचारतात, त्याची उत्तरं लोकसभा आणि राज्यसभेच्या साइटवर तारखेसह असतात. विभागाचा वार्षिक अहवाल असतो. मंत्रिमंडळाची प्रेस नोट असते. श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या लाँचपॅडचंच बघा, १६ जानेवारी २०२५ ला मंजुरी, ३९८४.८६ कोटी, ४८ महिन्यांची मुदत, सगळं एका पानावर आहे. हे कागद वाचायला रुक्ष वाटतात पण नंतर कोणी काही म्हणालं तर आपल्या हातात पुरावा राहतो.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण कशी बघतो? नुसतं "पाणी वाढलंय" असं कोणी म्हणालं तर आपण विचारतो किती फूट, किती इंच, किती वाजताचा आकडा. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे लहान पोराला पण पाठ आहे. तसंच वहीत प्रत्येक नोंदीला आकडा, तारीख आणि कुठून कळलं हे पाहिजेच. आणि "स्वतः बघितलं", "अधिकृत सांगितलं", "कोणीतरी म्हणतंय" हे तीन वेगळ्या शाईत लिहा.

राजारामपुरी_नववी_गल्ली

सर, तिन्ही बातम्या खऱ्या हे वाचून बरं वाटलं, ग्रुपवर यावरून भांडणं झालीत आमच्यात. एकच शंका राहिली. कुलशेखरपट्टिणमला पण क्रायो, स्टॅटिक फायर असलं सगळं होणार का? आणि समुद्रात नोटॅम आला की लाँच पक्कं समजायचं का?

कागल_फाइव्हस्टार

तिथं दंवाचा पांढरा पट्टा शोधत बसू नकोस. एसएसएलव्हीच्या तिन्ही मुख्य स्टेज सॉलिड इंधनाच्या आहेत, वर फक्त एक छोटं लिक्विड मॉड्यूल आहे कक्षा बारीक जुळवायला. सॉलिड मोटर आधीच भरलेली येते, तिची स्टॅटिक टेस्ट लाँचपॅडवर होत नाही, ती वेगळ्या स्टँडवर आडवी बांधून करतात. ती मोटर एकदा पेटली की बंद करता येत नाही, म्हणून जे उडवायचं ते कधीच पेटवून बघत नाहीत, त्याच्यासारखं दुसरं पेटवून बघतात. लिक्विड इंजिनांच्या टेस्ट महेंद्रगिरीला, ते पण तमिळनाडूतच. त्यामुळं कुलशेखरपट्टिणमच्या वहीत बांधकाम, लाँच स्ट्रक्चर हलवून-फिरवून बघणं, रेडार-ट्रॅकिंग, चेकआउट असले रकाने येतील. स्टारबेसची वही आणि ही वही एकसारखी दिसणार नाही, आणि म्हणून "तिकडं महिन्याला इतक्या टेस्ट, इकडं काहीच नाही" अशी तुलना कृपा करून कोणी करू नये. दोन्ही रॉकेटंच वेगळी आहेत.

इचल_रात्रपाळी

नोटॅमचं मी सांगतो. नोटॅम म्हणजे ठराविक वेळेत तेवढी हवाई हद्द टाळा अशी विमानांना सूचना, बोटींना वेगळी सूचना निघते. बंगालच्या उपसागरात ओडिशाच्या किनाऱ्यावरनं मिसाइलच्या टेस्ट पण होतात आणि त्यांचे नोटॅम बघून लोक "इस्रोचं लाँच" म्हणून टाकतात. पहिल्यांदा कोऑर्डिनेट बघायचे. श्रीहरिकोटा १३.७ अक्षांशाला, डेंजर झोनचा पहिला तुकडा पॅडला चिकटून सुरू होतो का ते मॅपवर टाकून बघ. आणि कुलशेखरपट्टिणमचा ओळखायला सोपा जाईल, कारण पोलर लाँचला (उपग्रह ध्रुवांवरनं जाणाऱ्या कक्षेत सोडायला) तिथनं सरळ दक्षिणेला जाता येतं, खाली नुसता समुद्र. श्रीहरिकोट्यावरनं तेच करायचं तर श्रीलंका मध्ये येते म्हणून आधी बाजूला जाऊन मग वळावं लागतं, त्यात इंधन जातं, आणि एसएसएलव्हीसारख्या लहान रॉकेटला ते परवडत नाही. ५०० किलोची तर त्याची झेप, त्यातलं वळणावर किती घालवणार. हे सेंटर तिथं होण्याचं मोठं कारण हेच आहे.

लाँच पक्कं मात्र नोटॅमवरनं समजू नको. विंडो बरेच दिवसांची घेऊन ठेवतात.

सायबर_चौक_जीआयएस

राजारामपुरी, पहिलं पान सुरू करायचं असेल तर आजच कोपर्निकसवर जानेवारी २०२४ चा एक ढग नसलेला फोटो काढून ठेवा, पायाभरणीच्या आधीचा. तो तुमचा शून्य. तिरुचेंदूर शोधा आणि किनाऱ्यानं नैऋत्येला खाली या, मणप्पाडच्या आधी कुलशेखरपट्टिणम लागतं. त्याच फ्रेममध्ये, त्याच झूमवर प्रत्येक वेळी फोटो घ्यायचा, फाइलला नाव देताना आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. फॉल्स कलरमध्ये पण एक काढा, झाडी लाल दिसते आणि मोकळी केलेली जागा लगेच उठून येते. अडलं तर इथंच विचारा, मी शनिवार-रविवार असते.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ताई, फोटो काढला. नैऋत्येला आल्यावर किनाऱ्याजवळ ताडाची झाडं आणि रिकामा पट्टा दिसतोय, इमारत एकही नाही. रात्री ग्रुपवर टाकतो, आणि वहीत तीन शाया ठेवतोय, सर म्हणाले तशा.